पहिल्या स्प्लिटवर फसू नका: क्रॉस कंट्री स्कीची रेस वाचायची रीत, पायरीपायरीने

दर हिवाळ्यात आमच्याकडे तेच होतं. रविवारी सकाळी चोपड्याहून उनपदेवच्या रस्त्याला लाँग रन मारायची, घरी येऊन भरीत-भाकरी हाणायची आणि दुपारी तीनच्या सुमारास कोणीतरी मोबाइलवर क्रॉस कंट्री स्कीची रेस (पायात लांब स्की घालून बर्फातल्या चढ-उतारांवरून मारायची शर्यत) लावतो. दोन किलोमीटरचा स्प्लिट (म्हणजे रेसच्या मधल्या जागेवरची वेळ) येतो, सगळ्यात वर एक नाव दिसतं, आणि ग्रुपमधले निम्मे लोक "हाच मारतो भो आज" म्हणून मोकळे होतात. वीस मिनिटांनी तो माणूस अकरावा असतो. मग रेस संपल्यावर कारणं शोधायची, बर्फ खराब होता, फॉर्म गेला त्याचा, वगैरे. ही कारणं बहुतेक वेळा रेसच्या आधीच समोर असतात, आपण बघतच नाही.

माझं म्हणणं असं की आपण उलट्या क्रमाने बघतो. घड्याळ आधी बघतो आणि बर्फ सगळ्यात शेवटी. खरा क्रम असा: आधी बर्फ, मग रस्ता, मग माणूस, आणि घड्याळ सगळ्यात शेवटी. पळणाऱ्या-सायकल चालवणाऱ्या कोणालाही हे जमतं, स्की पायात घातलेली असलीच पाहिजे असं काही नाही. खाली सगळं क्रमाने देतोय, पायरी वगळू नका.

## पायरी १: तयारी, आदल्या रात्रीच

एक वही घ्या, साधी दोनशे पानी. मोबाइलच्या नोट्समध्ये लिहायला गेलात की रेस चालू असताना स्क्रीन बदलता बदलता स्प्लिट निघून जातो, म्हणून कागदच बरा. एका रेसला एक पान. पानावर चार रकाने पाडा: बर्फ, रस्ता, माणूस, घड्याळ. आणि तळाला दोन ओळी रिकाम्या सोडा, त्या का ते शेवटी सांगतो.

वेळेचं गणित आधी करून ठेवा. नॉर्वे, स्वीडन, इटली, स्वित्झर्लंड हे हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतात, फिनलंड साडेतीन तास. म्हणजे दाव्होसला सकाळी साडेदहाची रेस असेल तर आपल्याकडे दुपारचे तीन, आणि रुकाला साडेदहाची असेल तर आपल्याकडे दोनच. रुका फिनलंडमध्ये आहे हे विसरून आमच्यातल्या दोघांनी एकदा अख्खी रेस हुकवली.

व्हिडिओ एका मोबाइलवर आणि लाइव्ह टायमिंग दुसऱ्यावर लावा. व्हिडिओ बऱ्याचदा मागे चालतो, त्यामुळे टायमिंगच्या पानावर निकाल आधी दिसतो. घाबरू नका, फक्त कुठला आकडा कुठल्या जागेचा आहे हे बघून मगच वहीत टाका. दोन्ही फोन सकाळीच चार्ज करून ठेवा, दुपारी लाइट असेलच याचा भरवसा नाही.

## पायरी २: रेसचा प्रकार ओळखा

हे दोन मिनिटांचं काम आहे, पण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

इंटरव्हल स्टार्टमध्ये एकेक जण ३० सेकंदांच्या अंतराने सुटतो. ८० जण असले तर पहिला आणि शेवटचा यांच्यात जवळजवळ ४० मिनिटांचं अंतर पडतं. रेषा आधी कोणी ओलांडली याला काहीच किंमत नाही, ज्याचा वेळ कमी तो पुढे. मास स्टार्टमध्ये सगळे एकदम सुटतात आणि रेषा आधी ओलांडणारा जिंकतो. स्कीअॅथलॉनमध्ये अर्धी रेस क्लासिक, मग स्की बदलायची आणि अर्धी स्केटिंग. स्प्रिंटमध्ये आधी एकेकट्याची पात्रता फेरी, त्यातून ३० जण, मग सहा-सहा जणांच्या फेऱ्या. रिलेमध्ये चार जण.

क्लासिक म्हणजे दोन्ही स्की समांतर, बर्फात कोरलेल्या दोन चाकोऱ्यांतून. स्केटिंग म्हणजे फ्रीस्टाइल, रोलर स्केटवर पोरं जशी पाय बाहेर ढकलतात तशी.

थांबा, हे तपासा: जुने निकाल काढून तुलना करणार असाल तर अंतरं बघा. २०२२-२३ च्या सीझनपासून वर्ल्ड कपमध्ये बाया आणि पुरुषांची अंतरं सारखी झाली. त्याआधीचा पुरुषांचा १५ किलोमीटर आणि आताचा १० किलोमीटर शेजारी ठेवून "हा किती फास्ट झाला" म्हणू नका.

## पायरी ३: बर्फ

इथे जास्त वेळ द्या. मी अर्धी तयारी यावरच करतो.

आपल्याकडे बर्फ नाही म्हणून हे कळणार नाही असं लोकांना वाटतं. उलट आपल्याला जास्त कळायला पाहिजे, कारण काळ्या मातीत आपण जन्म काढलाय. पाऊस पडून गेला की लगेच रानात पाय घालतो का? चपलेला चिखलाचा थर चढतो, दहा पावलांत पाय मणाचा होतो. कोरडं ठाक असेल तर ढेकळं फुटत नाहीत. मधली वेळ असते ती वाफश्याची. बर्फालाही असाच वाफसा असतो, आणि तो दर तासाला बदलू शकतो.

मी गुलमर्गला आठ दिवस राहून क्लासिक स्की शिकायचा प्रयत्न केला होता. तिथे साधारण २,६५० मीटर उंची आहे. सकाळी सावलीत बर्फ कडक होता, शिकवणाऱ्याने स्कीच्या मधल्या भागाला वॅक्स घासून बुचाने गुळगुळीत करून दिलं, आणि मस्त पकड मिळत होती. अकराच्या सुमारास झाडीतून उन्हात आलो आणि वीस-पंचवीस पावलांत स्की पुढे सरकायचीच बंद झाली. उचलून बघतो तर खाली चार बोटं जाड बर्फाचा गोळा, ओल्या कपाशीच्या रानात चपलेला येतो अगदी तसा. एटीएम कार्डाने खरवडून काढला, पुढे गेलो, परत गोळा. तीच स्की, तोच वॅक्स, तोच माणूस, फक्त सावलीतून ऊन. त्या दिवसापासून टीव्हीवर रेस बघताना मी आधी सावल्या बघतो.

आता नेमकं काय बघायचं.

हवेचं तापमान आणि बर्फाचं तापमान वेगळं असतं. केळीवाल्यांना हे समजवायची गरज नाही. डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र असलं की चरक्याची भीती जास्त, कारण रात्री पानं हवेपेक्षाही गार पडतात, म्हणून तर आपण बागेत धूर करतो आणि रात्री पाणी देतो. बर्फाचंही तेच. निरभ्र रात्रीनंतर बर्फ हवेपेक्षा गार असतो, ढगाळ रात्रीनंतर फरक कमी. आणि बर्फ शून्याच्या वर जात नाही, हवा ५ अंश असली तरी बर्फ शून्यावरच राहतो आणि आत पाणी वाढत जातं.

खूप थंडी असली की बर्फ हळू होतो. हे ऐकून सगळे चकित होतात. स्की घसरते ती घर्षणाने तयार होणाऱ्या पाण्याच्या अगदी पातळ थरावर. उणे १५ च्या खाली तो थर नीट तयार होत नाही, बर्फाचे कण धारदार आणि कडक राहतात, तापीच्या वाळूत ओढल्यासारखं वाटतं. अशा दिवशी उतारावरही आराम मिळत नाही, ढकलतच राहावं लागतं. ज्याचं इंजिन मोठं तो पुढे येतो. उणे २० च्या खाली तर रेसच घेत नाहीत.

शून्याच्या खाली थोडंसं आणि जुना, बसलेला बर्फ असेल तर रेस फास्ट. अशा दिवशी घोळका तुटत नाही आणि शेवटच्या किलोमीटरमध्ये निकाल लागतो.

ओला बर्फ स्की खाली ओढतो. दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात तसं. इथे स्कीच्या तळाची घडण कामाला येते, दगडी चाकावर तळाला बारीक रेघा पाडलेल्या असतात, थंड बर्फाला बारीक आणि ओल्याला जाड. पूर्वी ओल्या बर्फावर फ्लोरिनवालं वॅक्स फार चालायचं. २०२३-२४ च्या सीझनपासून फिसने (या खेळाच्या जागतिक संघटनेने) त्याच्यावर बंदी आणली, त्यामुळे कोण ओल्यावर चांगला याचा त्याआधीचा अनुभव जसाच्या तसा धरू नका.

क्लासिकमध्ये शून्य अंश आणि ताजा पडता बर्फ हा सगळ्यात अवघड दिवस. मऊ वॅक्स लावलं तर गोळे येतात, कडक लावलं तर पाय मागे घसरतो. वितळून परत गोठलेल्या खरखरीत बर्फाला क्लिस्टर लावतात, ते मधासारखं चिकट असतं. पण शून्यावरच्या ताज्या बर्फाला धड कुठलंच वॅक्स लागू पडत नाही. माझा नियम असा की शून्याचा दिवस असला की मी वहीत स्वतःच्या अंदाजापुढे "निम्मा भरवसा" असं लिहितो.

बर्फाने निकाल कसा फिरतो याचं उदाहरण म्हणून २०१४ ची सोची ऑलिंपिक बघा. उबदार, मऊ बर्फ. नॉर्वेच्या बायांची रिले टीम कागदावर सगळ्यांच्या पुढे होती आणि आली पाचवी, पुरुष चौथे. स्की पळतच नव्हत्या. दोन्ही रिले स्वीडनने जिंकल्या. बायांच्या रिलेत शार्लोट काल्ला शेवटच्या टप्प्याला निघाली तेव्हा साधारण २५ सेकंद मागे होती आणि तिने पुढच्या दोघींना गाठून सोनं घेतलं. तिच्या पायात दम होताच, पण खाली स्कीही घसरत होती.

टीव्हीवरून स्की ओळखायची सोपी परीक्षा: लांब उतार बघा जिथे दोघं जण सारखेच वाकून, पोल (हातातल्या काठ्या) काखेत धरून बसलेत, कोणी ढकलत नाहीये. तरी मागचा पुढच्याला गाठतोय का? गाठत असेल तर त्याची स्की चांगली आहे. मात्र मागच्याला पुढच्याच्या आडोशाचाही फायदा मिळतो आणि वजनदार माणूस उतारावर थोडा जास्त पळतोच, म्हणून एका उतारावरून ठरवू नका, दोन-तीन लॅपमध्ये तेच दिसलं तर वहीत टाका.

इथे चूक होते: उतारावर कोणी पुढे निघाला की "आज फॉर्मात आहे" म्हणतात. उतारावर स्की दिसते. माणसाचा फॉर्म चढावर बघा.

इंटरव्हल स्टार्ट असेल तर अजून एक. पहिला आणि शेवटचा यांच्यात ४० मिनिटं असतात, तेवढ्यात ऊन येऊ शकतं, बर्फ पडायला लागू शकतो, चाकोऱ्या भरू शकतात. उशिरा सुटलेले सगळेच्या सगळे मागे पडत असतील तर त्यांचा दम संपला असं नाही, बर्फ बदललाय. बिब नंबर (छातीवरचा, सुटण्याच्या क्रमाचा) ३० च्या आसपासचे आणि ६० च्या आसपासचे असे दोन गट करून बघा, लगेच कळतं. ओल्या दिवशी आयोजक ट्रॅक टणक करायला मीठ टाकतात, त्यानेही मध्येच वेग वाढतो.

## पायरी ४: रस्ता

मोठ्या रेसच्या कोर्सला नियम आहे, साधारण एक तृतीयांश चढ, एक तृतीयांश उतार आणि उरलेला वरखाली. अंतर सारखं वाटलं तरी वेळेच्या हिशोबाने अर्धा किंवा त्याहून जास्त वेळ चढावरच जातो. म्हणून फरक पडतो तो चढावर.

कोर्सचा आलेख काढून तीन गोष्टी वहीत टाका. सगळ्यात मोठा चढ कितव्या किलोमीटरला आहे, शेवटचा चढ रेषेपासून किती लांब आहे, आणि स्प्लिट घ्यायच्या जागा चढाच्या आधी आहेत की नंतर. तिसरी गोष्ट कोणीच बघत नाही. स्प्लिट चढाच्या पायथ्याशी असेल तर तो स्प्लिट जवळजवळ काही सांगत नाही, कारण खरी मारामारी पुढे व्हायची असते.

जागेचा स्वभावही लिहा. दाव्होस साधारण १,५६० मीटरवर आहे, तिथे चढावर ताकदीबाहेर जोर लावून उधारी केली की हवा विरळ असल्याने परत फेडता येत नाही. टूर दे स्की या अनेक दिवसांच्या स्पर्धेचा शेवटचा दिवस आल्पे चेर्मिसच्या चढावर असतो, काही ठिकाणी २८ टक्क्यांचा चढ, तिथे स्प्रिंटचा फिनिश वगैरे काही चालत नाही.

थांबा, हे तपासा: शेवटच्या चढापासून रेषेपर्यंत मोठा उतार असेल आणि मास स्टार्ट असेल, तर चढावर पाच सेकंद काढलेला माणूस बहुतेक वेळा परत सापडतो.

## पायरी ५: माणूस, म्हणजे फॉर्म

फॉर्म बघताना गेल्या तीन आठवड्यांचे निकाल बघा, गेल्या वर्षीचे नाही. आणि फक्त त्याच प्रकारातले. क्लासिकचा फॉर्म स्केटिंगला लावू नका.

नंबर बघू नका, टक्का बघा. कितवा आला हे त्या दिवशी कोण कोण आलं होतं यावर असतं, पण विजेत्यापेक्षा किती टक्के मागे हे बरंच खरं सांगतं. काढायचं सोपं आहे: मागे पडलेले सेकंद भागिले विजेत्याचे एकूण सेकंद, गुणिले १००. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये १५ किलोमीटर फ्रीस्टाइल दारियो कोलोन्याने ३३ मिनिटं ४३.९ सेकंदात मारली, म्हणजे २,०२३.९ सेकंद. दुसरा आलेला सिमेन हेगस्टाड क्रूगर १८.३ सेकंद मागे, म्हणजे ०.९ टक्का. ऐकायला १८ सेकंद खूप वाटतात, पण टक्का एकाच्याही आत. त्याच रेसमध्ये आपला जगदीश सिंग १०३वा होता, त्या गर्दीत भारताचं नाव शोधून वाचताना आम्ही सगळे गप्प झालो होतो.

माझा ठोकताळा असा: इंटरव्हल स्टार्टमध्ये लागोपाठ दोन रेसमध्ये १ टक्क्याच्या आत असेल तर तो जिंकण्याच्या तयारीत आहे, २ टक्क्यांच्या आसपास असेल तर पहिल्या दहात येईल, ४ च्या वर असेल तर नाव कितीही मोठं असो, त्याला बाजूला ठेवा. मास स्टार्टच्या निकालावरून टक्का काढू नका, घोळक्यात सगळेच जवळ दिसतात.

कोणी एखाद-दोन रेस सोडल्या तर लगेच आजारी म्हणू नका. मोठ्या स्पर्धेआधी उंचीवर जाऊन सराव करणारे बरेच असतात, परत आल्यावर पहिल्या रेसमध्ये पाय जड दिसतात आणि नंतर उघडतात. सर्दी-खोकल्याची बातमी मात्र गंभीर धरा, या खेळात छाती हेच भांडवल.

आणि "हा स्प्रिंटर आहे, लांब रेस याची नाही" हे वाक्य वहीत लिहू नका. २०२५ च्या ट्रॉन्डहाइम जागतिक स्पर्धेत योहानेस क्लेबोने सहाच्या सहा सोनं घेतली, स्प्रिंट त्याची आणि ५० किलोमीटरही त्याचीच. घोळका शेवटपर्यंत एकत्र राहिला की स्प्रिंटरला अंतराची भीती राहत नाही. म्हणून या पायरीवर परत पायरी ३ कडे जा: आजचा बर्फ घोळका तोडणारा आहे की जोडणारा? हे उत्तर आल्याशिवाय नाव ठरवायचं नाही.

## पायरी ६: सुटण्याआधी अंदाज लिहा

तीन नावं, आणि प्रत्येकापुढे एक कारण. कारण बर्फाशी किंवा रस्त्याशी जोडलेलं पाहिजे. "मला आवडतो" चालणार नाही. रेस सुरू झाली की हा भाग खोडायचा नाही, पेनानेच लिहा.

एकच अपवाद: रेसच बदलली तर. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पुरुषांची ५० किलोमीटर वारा आणि थंडीमुळे कापून साधारण २८ किलोमीटरची केली. अशा वेळी नवीन पान घ्या, कारण २८ किलोमीटर ही वेगळी रेस आहे, वाऱ्यात पुढे राहणाऱ्याचा दम जातो आणि मागे दबून बसणारा वाचतो. ती रेस बोल्शुनोव्हने जिंकली.

## पायरी ७: घड्याळ, म्हणजे पेसिंग (रेसभर वेग कसा वाटला ते)

आता घड्याळ उघडा. यात एकच युक्ती आहे आणि ती केली तर अर्ध्या चुका जातात: एकूण वेळ वाचू नका, दोन स्प्लिटमधला वेळ काढा.

समजा १० किलोमीटर इंटरव्हल स्टार्ट आहे, अडीच किलोमीटरचे चार सारखे लॅप. पहिल्याला अ म्हणू, दुसऱ्याला ब.

अ ची एकूण वेळ अशी दिसते: ६:१०, १२:३५, १९:१०, २५:५०.
ब ची: ६:१८, १२:३८, १९:०२, २५:२७.

पहिल्या स्प्लिटला अ ८ सेकंद पुढे, सगळे ओरडतात. दुसऱ्याला अजूनही ३ सेकंद पुढे, सगळे निश्चिंत. आता लॅप वेगवेगळे काढा. अ चे लॅप ६:१०, ६:२५, ६:३५, ६:४०. ब चे ६:१८, ६:२०, ६:२४, ६:२५. अ दुसऱ्याच लॅपमध्ये १५ सेकंदांनी पडला होता, ब फक्त २ सेकंदांनी. म्हणजे ५ किलोमीटरला, अ पुढे दिसत असतानाच, रेस ब च्या हातात गेली होती. वहीत वजाबाकी करणाऱ्याला ते दिसलं, स्क्रीनवरचं वरचं नाव बघणाऱ्याला नाही.

या खेळात बहुतेक जण पहिला लॅप थोडा फास्टच मारतात, अगदी वरचे सुद्धा, आणि पुढे वेग थोडा पडतो. थोडं पडणं चालतं. किती पडला आणि कधी पडला हे बघायचं. दुसऱ्या लॅपलाच मोठा पडला तर उधारी झालीय. शेवटच्या लॅपला थोडा पडला तर हिशोबात होतं.

पळणाऱ्यांची इथे एक ठरलेली गफलत होते. आपण सपाट रस्त्याला किलोमीटरमागे वेळ बघायला शिकलो. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना तसं करतो का? तिथे श्वासावर चालतो, वेग गेला तरी चालतं. स्कीमध्ये ते अजून टोकाला जातं, चढावर मोठे स्कीअर काही मिनिटं शरीर ऑक्सिजन घेऊ शकतं त्याच्याही वर जोर लावतात आणि उतारावर ती उधारी फेडतात. म्हणून किलोमीटरमागची वेळ इथे काही सांगत नाही, एक किलोमीटर चार मिनिटांचा असतो आणि पुढचा दीडचा. तुलना करायची ती त्याच तुकड्याची त्याच तुकड्याशी, लॅपशी लॅप, चढाशी चढ.

आणि चढाचा माथा बघा. दमलेला माणूस माथ्यावर पोचला की सैल पडतो, दोन श्वास घेतो, पोल लोंबतात. तयारीचा माणूस माथा ओलांडून अजून दहा-पंधरा दणके देतो आणि मगच वाकतो. माथ्यावरचा वेग पूर्ण उतारभर सोबत येतो, त्यामुळे तिथले दोन सेकंद खाली चार होतात.

मास स्टार्ट असेल तर वरचं गणित बाजूला ठेवा. तिथे पहिल्या निम्म्या रेसचे स्प्लिट जवळजवळ निरर्थक असतात, कारण मागे बसणाऱ्याला आडोसा मिळतो आणि पुढचा वारा खातो. तिथे फक्त एवढंच मोजा की घोळक्यात किती जण उरलेत आणि तुमची तीन नावं त्यात कितव्या जागेवर आहेत. पंधराव्याच्या मागे राहणं धोक्याचं, तिथे आकुंचन-प्रसरण होतं आणि प्रत्येक वळणानंतर पळून जागा भरावी लागते, त्यात पाय जातात.

प्योंगचांगचीच ३० किलोमीटर स्कीअॅथलॉन घ्या. सिमेन हेगस्टाड क्रूगर सुटल्या सुटल्या पडला, वर दोघं आदळले, पोल मोडला, अख्ख्या घोळक्याच्या शेवटी गेला. आमच्या सवयीने त्याच्या नावावर फुली पडली असती. त्याने एकदम उसळी मारून गाठायचा प्रयत्न केला नाही, थोडं थोडं करत लॅपमागून लॅप वर आला, स्केटिंगच्या भागात घोळक्याला लागला, आणि शेवटच्या पाचेक किलोमीटरमध्ये एकटाच सुटला. साधारण ८ सेकंदांनी सोनं. ३० किलोमीटरच्या रेसमध्ये पहिला किलोमीटर केवढासा असतो हे बघायला ही रेस पूर्ण बघा, तुकडे बघू नका.

## पायरी ८: शरीरावर नजर

घड्याळ मागाहून सांगतं, शरीर आधी सांगतं.

क्लासिकमध्ये पाय मागे ढकलताना स्की झटक्याने सटकतेय का बघा. सटकत असेल तर पकड गेली, मग तो माणूस चाकोरी सोडून कडेच्या भुसभुशीत बर्फावर पळायला लागतो, किंवा बाकीचे सरळ चढत असताना हा स्की फाकवून चालतो. याचा दम अजून शाबूत असू शकतो, पण हात सगळं काम करतायत, पुढच्या लॅपला ते बसतील.

स्केटिंगमध्ये कंबर बघा. ताज्या माणसाची कंबर पोल टेकताना पुढे आणि वर असते, दमला की मागे बसल्यासारखा दिसतो, खुर्चीत बसावं तसा. एका स्कीवर घसरायचा वेळ कमी होतो, पावलं वाढतात आणि वेग मात्र तोच किंवा कमी. डोकं डावी-उजवीकडे हलायला लागलं की समजा पुढच्या चढाला अंतर पडणार.

इथे चूक होते: तोंड वेडंवाकडं झालं, लाळ गळतेय, म्हणजे संपला असं धरू नका. तोंड सगळ्यांचंच वाकडं होतं. कंबर आणि पोलची लय बघा.

स्प्रिंटबद्दल एवढंच की उशिराच्या उपांत्यपूर्व फेरीतून आलेल्याला पुढच्या फेरीआधी आराम कमी मिळतो, हे पायरी ६ ला अंदाज लिहितानाच धरा.

## पायरी ९: रेस संपल्यावर, पाच मिनिटं

आता तळाच्या त्या दोन रिकाम्या ओळी. पहिल्या ओळीत लिहा की कुठल्या रकान्याने फसवलं: बर्फ, रस्ता, माणूस की घड्याळ. एकच लिहा. "सगळंच चुकलं" असं लिहिलं की पुढच्या वेळी काहीच सुधारत नाही. दुसऱ्या ओळीत लिहा की ते रेसच्या आधी कळण्यासारखं होतं का, हो किंवा नाही.

फरक छोटा असेल तर स्वतःला चूक धरू नका. बीजिंगला बायांची १० किलोमीटर क्लासिक तेरेसे योहाउगने ०.४ सेकंदाने जिंकली, २८ मिनिटांहून जास्त चाललेल्या रेसमध्ये. अशा वेळी दुसरीचं नाव लिहिलं असेल तर तो अंदाज मी बरोबरच धरतो.

दहा-बारा पानं भरली की ती एकदम पुढ्यात घेऊन बसा आणि पहिल्या ओळी वाचा. माझ्या पहिल्या हिवाळ्याच्या चौदा पानांत नऊ वेळा "बर्फ" होतं आणि त्यातल्या सात ठिकाणी दुसऱ्या ओळीत "हो". दुसऱ्या हिवाळ्यापासून मी शनिवारी रात्री जेवण झालं की आधी त्या गावचं रात्रीचं आभाळ बघतो, ढगाळ की निरभ्र, आणि मगच स्टार्ट लिस्ट उघडतो.